इंग्रजीच्या तासाला युक्तिवाद शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीचे प्रवेश सुरू झाले की सीमाभागात दरवर्षी तीच चर्चा कानावर येते: मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झालेल्या मुलांचे इंग्रजी कच्चे, म्हणून ती कॉलेजात मागे पडतात. मग स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायचा, व्याकरणाचे पुस्तक आणायचे, रोज दहा शब्द पाठ करायचे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतल्या कॉलेजांत इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना हे निदान अपुरे वाटते, म्हणून हे पत्र. मुलांच्या निबंधात व्याकरणाच्या चुका असतात, ते नाकारत नाही. पण त्या सगळ्या लाल पेनाने दुरुस्त करून दिल्या तरी निबंध पटत नाही. ज्या वाक्यावर सगळा युक्तिवाद उभा राहायचा, ते वाक्यच त्यात लिहिलेले नसते.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. विषय दिला: तालुका कार्यालयाच्या सूचना मराठीतही मिळाव्यात का? दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच हे येते: 'आमच्या तालुक्यात मराठी लोक फार आहेत. म्हणून सूचना मराठीत दिल्याच पाहिजेत.' घरच्या माणसाला यात काही कमी दिसत नाही. हाच कागद रायचूरहून किंवा मंड्याहून बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून पाहा. तो विचारेल, फार म्हणजे किती? आणि फार असले तरी 'म्हणून' कसे काय? पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर जायला पूल कुठे आहे?

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात याच जागी बोट ठेवले आहे. वक्तृत्वातल्या अनुमानाला तो एन्थिमीम म्हणतो. श्रोत्याला आधीच ठाऊक असलेली पायरी त्यात बोलून दाखवावी लागत नाही, श्रोता ती मनातल्या मनात भरून घेतो. त्याने दिलेले उदाहरण डोरियस नावाच्या खेळाडूचे. ज्या स्पर्धेचे बक्षीस मुकुट असते अशी स्पर्धा डोरियसने जिंकली हे सांगायचे, तर 'तो ऑलिम्पिक जिंकला' एवढे पुरे. ऑलिम्पिकला मुकुट मिळतो हे वेगळे सांगायला नको, ते सर्वांना माहीत आहे. आमच्या मुलांनी आजवर जे लिहिले-बोलले ते सगळे मुकुट माहीत असणाऱ्यांपुढेच: शाळेतले गुरुजी, गणेशोत्सवातली वक्तृत्व स्पर्धा, गल्लीतली सभा. इंग्रजीत लिहू लागले की वाचणारा बदलतो, पण मुकुटाचे वाक्य गाळलेलेच राहते. सीमाभागाला ही सवय इतरांपेक्षा महाग पडते. गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे, त्यामुळे मूळ अर्ज मराठीत देता येतो. पण प्रकरण उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेले की अनुच्छेद ३४८ मुळे कामकाज इंग्रजीत चालते. तिथे न लिहिलेले वाक्य कोणी आपल्या वतीने भरून घेत नाही.

हे वाक्य लिहायला शिकवण्याची पद्धत आहे. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाचे सहा भाग मांडले. मराठीत त्यांना दावा, आधार, दुवा, पाठबळ, मर्यादा आणि हरकत म्हणू. वरचाच निबंध या सहा घरांत बसवून पाहू. दावा: ज्या तालुक्यात मराठी भाषकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना मराठीतही प्रसिद्ध व्हाव्यात. आधार: २०११ च्या जनगणनेचा मातृभाषावार तक्ता, ज्याला सी-१६ म्हणतात. त्यातला आकडा मुलाने स्वतः काढायचा. नुसती टक्केवारी लिहून भागत नाही, एकूण लोकसंख्या आणि मराठी भाषकांची संख्या दोन्ही द्यायच्या, म्हणजे वाचणाऱ्याला भागाकार करून पाहता येतो. आता दुवा, म्हणजे आपले मुकुटाचे वाक्य: जिल्हा किंवा त्याखालच्या पातळीवर १५ टक्के लोक जी भाषा बोलतात, तिच्यात महत्त्वाचे नियम आणि सूचना भाषांतरित करून प्रसिद्ध कराव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांपैकी एक आहे. हे वाक्य आले की 'म्हणून' या शब्दाला अर्थ येतो. पाठबळ: १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०ब. त्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो आणि या संरक्षणांची पाहणी करून तो राष्ट्रपतींना अहवाल देतो. मर्यादा दाव्यातच शिरली आहे: सगळी कागदपत्रे नव्हेत, महत्त्वाची, सगळा जिल्हा नव्हे, १५ टक्क्यांची अट पूर्ण करणारे तालुके. राहिली हरकत. १९६३ च्या कर्नाटक राजभाषा कायद्याने कन्नड ही राज्याची राजभाषा आहे, मग मराठीत का? उत्तर असे, की मागणी कन्नडच्या जागी मराठीची नाही, कन्नडच्या जोडीला मराठीची आहे.

इथे एक शब्द फार जपून वापरावा लागतो. मुले हमखास लिहितात, 'ॲकॉर्डिंग टू लॉ' मराठीत सूचना दिल्याच पाहिजेत. १५ टक्क्यांची तरतूद हे मान्य झालेले संरक्षण आहे, कायद्याचे कलम नव्हे. 'लॉ' लिहिले की समोरचा विचारतो कोणते कलम, आणि उत्तर नसले की खरा असलेला बाकीचा युक्तिवादही पडतो. तिथे 'सेफगार्ड' हाच शब्द हवा. 'ऑल', 'ऑलवेज', 'एव्हरीबडी नोज' यांचेही तसेच. एक अपवाद दाखवला की वाक्य खोटे ठरते. इंग्रजी निबंधात 'मोस्ट', 'ऑफन', 'इन धिस तालुका' असे शब्द लेखकाचा कमकुवतपणा दाखवत नाहीत, त्याने मोजून लिहिले आहे हे दाखवतात. मराठी वक्तृत्वात वाढलेल्या मुलाला हे पटायला वेळ लागतो, कारण तिथे ठासून बोलण्याला टाळ्या मिळतात.

दुवा गाळला आहे हे लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. त्याच्या डोक्यात ते वाक्य असतेच. ते दिसते ते दुसऱ्या घरातून आलेल्या माणसाला, आणि आपल्या वर्गात तो शेजारच्या बाकावरच बसलेला आहे. बेळगावच्या कॉलेजात मराठी आणि कन्नड मुले एकत्र शिकतात, पण असाइनमेंट तपासायची वेळ आली की मराठी मुलगा मराठी मित्राकडेच वही देतो. जोड्या मुद्दाम उलट लावाव्यात. वाचणाऱ्याने चूक की बरोबर ते सांगायचे नाही, फक्त तीन प्रश्नांची उत्तरे लिहून द्यायची: लेखकाचे म्हणणे एका वाक्यात काय आहे? कोणत्या वाक्याला 'कशावरून?' असे विचारावेसे वाटले? कोणता 'म्हणून' उडी मारल्यासारखा वाटला? यासाठी वीस मिनिटे पुरतात. म्हादई नदीच्या पाणीवादावर लिहायला दिले तर ही देवाणघेवाण सगळ्यात फळते. कळसा आणि भांडुरा हे नाले खानापूर तालुक्यातले, पाणी हवे हुबळी-धारवाडला. एकजण लिहितो 'आमचे जंगल', दुसरा लिहितो 'आमच्या हक्काचे पाणी', आणि दोघांनाही आपले 'आमचे' सिद्ध करावे लागेल असे वाटत नाही. आकड्यांचा घोळही इथेच कळतो. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी मिळाले, हा आकडा दोन्ही बाजूंची मुले 'वळवले जाणारे पाणी' म्हणून लिहितात. त्यातले मलप्रभा नदीत वळवण्यासाठीचे ३.९० टीएमसी आहे: कळसा १.७२, भांडुरा २.१८. बाकीचे ८.०२ वीजनिर्मितीसाठी आणि १.५ खोऱ्यातच वापरण्यासाठी. आकडा खरा, पण दावा भलत्याच गोष्टीचा, अशा चुका व्याकरण तपासून सापडत नाहीत.

भावना काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. श्रोत्याची भावना, वक्त्याची विश्वासार्हता आणि युक्तिवाद अशी पटवण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलनेच सांगितली आहेत. फक्त सीमाभागातला मुलगा पहिल्या साधनावर सगळा भार टाकतो आणि दुसरे विसरतो. परक्या वाचकापुढे विश्वास मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे विरुद्ध बाजू अशी मांडायची, की त्या बाजूच्या माणसाने 'हो, आमचे म्हणणे हेच आहे' असे म्हणावे. आपल्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात आणि शास्त्रचर्चेत तो आधी मांडल्याशिवाय सिद्धांताला हात घालत नसत. न्यायशास्त्राचे पाच अवयवही वर्गात सांगून पाहावेत: पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, इथेही तसाच धूर आहे, म्हणून अग्नी आहे. यातला तिसरा अवयव म्हणजेच टूलमिनचा दुवा. इंग्रजीतून अर्धा तास समजावूनही न कळलेली गोष्ट स्वयंपाकघरातल्या धुराने पाच मिनिटांत कळते.

परिच्छेदाबद्दलही असेच. परिच्छेदाचे म्हणणे पहिल्या वाक्यात सांगा म्हटले की मुलांना ते उघडेवाघडे वाटते. शाळेतल्या निबंधात सुविचाराने सुरुवात करून, वळणे घेत, शेवटी मुद्द्यावर यायची सवय असते. पण कीर्तनकार काय करतो? निरूपणाचा अभंग आधी म्हणतो, मग पूर्वरंगात त्याचा अर्थ उलगडतो, उत्तररंगात आख्यान लावतो आणि पुन्हा त्याच अभंगावर येतो. इंग्रजी परिच्छेदाची मांडणी तीच: दावा, उलगडा, पुरावा, पुन्हा दाव्याशी सांधा. सव्वाशे ते दीडशे शब्दांत हे बसते. सगळ्यात जास्त गळतो तो चौथा भाग. मुले उतारा किंवा आकडा देतात आणि परिच्छेद तिथेच सोडतात, जणू पुरावा स्वतःच बोलेल.

व्याकरणाच्या ज्या चुका खरोखर अर्थ बिघडवतात त्या थोड्या आहेत आणि त्यांचे मूळ मराठीत आहे. 'जरी-तरी'मुळे 'ऑलदो' आणि 'बट' एकाच वाक्यात येतात. थोरांसाठीच्या आदरार्थी बहुवचनामुळे एका लेखकाला 'दे' लागते आणि पुढे 'दे' म्हणजे लेखक की लोक ते कळत नाही. सगळ्यात घातक आहे तो 'की'. मराठीत 'तो म्हणाला की मी येतो' हे शुद्ध आहे, यातला 'मी' म्हणजे तोच. हेच इंग्रजीत 'ही सेड दॅट आय विल कम' झाले की 'आय' म्हणजे लिहिणारा होतो. निबंधात दुसऱ्याचे मत सांगताना असे झाले, की लेखकाचे मत कोणते आणि उद्धृत केलेले कोणते याचा गुंता होतो, आणि परीक्षकाला ती चोरी वाटते. मुलाने चोरी केलेली नसते, त्याने मराठी वाक्य इंग्रजीत ठेवलेले असते. हे एकदा फळ्यावर दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी लिहून दाखवावे.

खरी चोरी होते ती टिपणे काढताना. पुस्तकातला उतारा समोर उघडा ठेवून त्यातले चार शब्द बदलायचे, वाक्य मागेपुढे करायचे, हे ठिगळकाम बहुतेक मुले प्रामाणिकपणे करतात. 'आपल्या शब्दांत लिहा' याचा अर्थ त्यांना तोच सांगितलेला असतो. उपाय मराठीतच आहे. उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचे, तो शेजाऱ्याला मराठीत सांगायचा, सांगितलेले तीन-चार ओळींत मराठीत लिहायचे, आणि मग त्या मराठीवरून इंग्रजी करायचे. मूळ वाक्यरचना मधल्या टप्प्यावर आपोआप गळून पडते. शेवटी पुस्तक उघडून अर्थ ताडून पाहायचा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी: डावीकडे मूळ शब्द अवतरणचिन्हांत, पानाच्या क्रमांकासह, उजवीकडे आपले मराठी. अवतरणचिन्ह टिपण काढतानाच घातले नाही तर महिन्याभराने कोणते वाक्य कोणाचे ते आठवत नाही.

चोरी तपासणारे सॉफ्टवेअर साम्याची जी टक्केवारी दाखवते, तिच्याबद्दलचाही गैरसमज काढायला हवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्क्यांना प्रबंध सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावा लागतो, ४० ते ६० ला वर्षभर तो सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द होते. त्यामुळे 'दहाच्या आत आणा' हेच ध्येय होऊन बसते. पण सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते. दुसऱ्याची कल्पना, सगळे शब्द बदलून, नाव न देता घेतली तर साम्य शून्य येईल आणि चोरी पूर्ण राहील. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या निबंधात आणखी एक धोका असतो: त्यातले संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, लेख मात्र कोणी लिहिलेलाच नाही. ज्याचे पान उघडून पाहिले नाही तो संदर्भ द्यायचा नाही, हा नियम दोन्ही रोगांवर चालतो.

संदर्भ देण्याच्या पद्धतींवर जास्त लिहीत नाही. इंग्रजी विभागात एमएलए ही पद्धत चालते, तिची नववी आवृत्ती २०२१ ची. मजकुरात आडनाव आणि पान द्यायचे. समाजशास्त्राकडे एपीए, तिथे आडनाव आणि वर्ष. एकाच निबंधात दोन्हींची भेसळ करू नये. मात्र एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो: इंग्रजी निबंधात मराठी पुस्तक, मराठी दैनिक, ग्रामपंचायतीचा मराठी कागद यांचा संदर्भ देता येतो. शीर्षक रोमन लिपीत उच्चाराप्रमाणे लिहायचे, त्यापुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ, आणि उताऱ्याचे भाषांतर स्वतः केले असेल तर तसे नोंदवायचे. हे माहीत नसल्यामुळे खानापूरच्या कौलांच्या कारखान्यांवर किंवा निपाणीच्या विडी कामगारांवर लिहिणारा मुलगा घरात पडलेला पुरावा सोडतो आणि इंटरनेटवरची चार सर्वसाधारण वाक्ये उचलतो.

एवढे सगळे शिकवायला वेळ कुठे, हा प्रश्न शिक्षकच विचारतील. आठवड्याच्या चार तासांतला एक तास दिला तर सोळा आठवड्यांत सोळा तास मिळतात. विषयाचा प्रश्न करणे आणि प्रश्नाचा दावा करणे याला दोन, सहा घरांच्या सरावाला तीन, टिपणांना दोन, पहिला खर्डा वर्गात बसून हाताने लिहायला तीन, बाकांची देवाणघेवाण दोन, दुसरा खर्डा दोन, वाक्ये आणि संदर्भ दोन. निबंध आठशे शब्दांचा, सहा परिच्छेदांचा पुरे. तपासणीचे गणितही करून पाहावे. सत्तर मुलांचे निबंध, प्रत्येकी पंधरा मिनिटे, म्हणजे साडेसतरा तास. ते कोणालाच झेपत नाही, म्हणून शेवटी सही आणि मार्क एवढेच उरते. पहिल्या खर्ड्यावर फक्त दोनच गोष्टी पाहाव्यात: दावा सापडतो का, आणि दुवा लिहिला आहे का. पाच मिनिटांत होते, एकूण सहा तासांच्या आत. 'अ' आणि 'द' ही इंग्रजी उपपदे शेवटच्या फेरीला पाहावीत. आधीच स्पेलिंग लाल केले तर मुलगा स्पेलिंग सुधारून तोच फसलेला युक्तिवाद परत आणून देतो.

आमची मागणी अभ्यास मंडळाकडे आहे, आणि ती दोनच गोष्टींची. इंटर्नलच्या मार्कांपैकी निम्मे मार्क पहिला खर्डा, शेजाऱ्याने लिहिलेली तीन उत्तरे आणि दुसरा खर्डा या तीन कागदांना द्यावेत. आणि सेमिस्टरच्या पेपरात पाठ करून उत्तर देता येणार नाही असा एक प्रश्न असावा. न पाहिलेला इंग्रजी उतारा, दीडशे शब्दांचा, एखाद्या जाहीर निवेदनासारखा. खाली तीन उपप्रश्न: लेखकाचा दावा एका वाक्यात लिहा, लेखकाने न लिहिलेले पण धरून चाललेले वाक्य लिहा, हा उतारा ज्याला पटणार नाही अशा वाचकाची सर्वांत बळकट हरकत लिहा. मधल्या उपप्रश्नाला सर्वांत जास्त मार्क असावेत, आणि तो मराठीत किंवा कन्नडमध्ये सोडवायचीही मुभा असावी.

आपले,
इंग्रजी विषयाचे काही प्राध्यापक
बेळगाव, खानापूर, निपाणी